कडब्याखालची शर्यतीची होडी



शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभी राहते ती बैलांची. धुरळा, शिट्ट्या, हवेत उडणारे फेटे, आणि शर्यत संपल्यावर बैलाच्या पाठीवरून फिरणारा मालकाचा हात. पाण्यावरची शर्यत आपल्या मुलखात कुठली? पावसाळा सरला की आपली नदी पात्रातले दगडगोटे दाखवू लागते. तिकडे सांगलीला कृष्णेच्या भरल्या पात्रात वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती होतात, घाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण युसूफ वडगावच्या पोराला त्या पाहायच्या म्हटल्या तर एस.टी.त दिवस घालवावा लागेल.

आज मी सांगणार आहे ती गोष्ट त्याहून लांबची आहे. इंजिनाच्या होड्यांची, आणि तीही जुन्या. शर्यतीत कोण जिंकले याला आता महत्त्व उरलेले नाही. शर्यती संपल्यावर त्या होड्यांचे काय झाले, आणि म्हातारी झालेली माणसे त्यांना शोधत गावोगाव का हिंडतात, हे ऐकण्यासारखे आहे. धीर धरून वाचा, कारण ही गोष्ट शेवटी तुमच्या विहिरीवर आणि तुमच्या गोठ्यात येऊन थांबणार आहे.

होडीच्या मागे अडकवायचे इंजिन तुम्ही पाहिलेच नाही असे नाही. 28 सप्टेंबर 2021 हा दिवस आठवा. आपल्याच केज तालुक्यात धनेगावला असलेल्या मांजरा धरणाचे 18 दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या गावांत पाणी शिरले. त्या पुरात, आणि पुन्हा सप्टेंबर 2025 च्या पुरात, मराठवाड्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन उतरले. होडीच्या मागच्या फळीला एक इंजिन अडकवलेले. जवानाने दोरी ओढली की ते गुरगुरायचे, आणि एरवी चप्पूला दोरखंड बांधून पार करावे लागले असते असे पाणी ती होडी कापत जायची. तेच हे इंजिन.

त्याची रचना मोठी सुटसुटीत आहे. वरच्या डोक्यात पेट्रोलचे इंजिन असते, पण आडवे फिरणारे नव्हे. त्याचा क्रँक उभा असतो. क्रँकला जोडलेला दांडा सरळ पाण्यात खाली जातो, तळाशी दोन दातेरी गिअर त्याची फिरकी काटकोनात वळवतात आणि तिथला पंखा पाणी मागे लोटतो. थंड ठेवायला टाकी लागत नाही, खालचेच पाणी वर ओढून ते पुन्हा बाहेर टाकले जाते. सुकाणूही वेगळे नको. अख्खे इंजिनच डावीउजवीकडे वळवायचे. काम झाले की दोन पेच ढिले करून इंजिन खांद्यावर टाकायचे आणि घरी न्यायचे.

असे इंजिन घरोघर पोचवले कोणी? एका शेतकऱ्याच्या मुलाने. ओले एव्हिनरूड त्याचे नाव. जन्म 1877 चा, नॉर्वे देशातला. तो पाच वर्षांचा असताना घरची मंडळी अमेरिकेत गेली आणि विस्कॉन्सिन राज्यात जमीन कसू लागली. शाळा थोडकीच झाली. सोळाव्या वर्षी तो शहरात जाऊन शेतीच्या अवजारांच्या कारखान्यात लागला आणि हाताने शिकत गेला. गोष्ट अशी सांगतात की एकदा तळ्यातल्या बेटावर मंडळी सहलीला गेली होती. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम हवे झाले. ओले वल्ही मारत गेला, वल्ही मारत आला, तोवर आइस्क्रीमचे पाणी झाले होते. पुढे त्या बेसशी त्याचे लग्न झाले, आणि 1909 साली त्याने दीड हॉर्सपॉवरचे, सुमारे 28 किलो वजनाचे इंजिन बाजारात आणले.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्याच्या आधी, 1905 च्या सुमारास, कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या गृहस्थानेही असे इंजिन केले होते. पण एव्हिनरूडचा धंदा उभा राहिला तो बेसमुळे. ओले लोखंडाशी बोलणारा आणि माणसांशी मुका. पत्रव्यवहार, हिशेब, जाहिरात सगळे त्या बाईने पाहिले. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात देशभर गाजली. पुढे तिची प्रकृती ढासळली म्हणून त्याने चालता कारखाना विकला आणि बायकोची काळजी घेतली. 1921 साली ॲल्युमिनियमचे हलके इंजिन घेऊन दोघे पुन्हा उभे राहिले. माझ्या मायबहिणींनो, यंत्राच्या गोष्टीत बाईचे नाव क्वचित येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता इंजिन आले की माणूस काय करणार? शेजाऱ्याच्या होडीच्या पुढे जायला बघणार. 1920 नंतरच्या काळात अमेरिकेत तळ्यातळ्यांवर आणि नद्यांवर शर्यती सुरू झाल्या. बैलांचे जसे दाताप्रमाणे गट पाडतात तसे इंजिनांचे त्यांच्या पोटातल्या जागेप्रमाणे गट पडले. लहान इंजिनाला लहानाशीच लढायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात न सुटणारे प्लायवूड मिळू लागले आणि मासिकांत होडीचे आराखडे छापून येऊ लागले. हॅल केली यांच्यासारख्यांचे आराखडे समोर ठेवून शिक्षक, सुतार, गिरणी कामगार हिवाळ्यात घरामागच्या खोपटात होडी बांधायचे आणि उन्हाळ्यात ती पळवायचे.

होडी असायची 10 ते 13 फुटांची, पातळ फळीची, दोन माणसांनी उचलून न्यावी इतकी हलकी. तिच्यातही युक्ती होती. पुढच्या बाजूला डावीउजवीकडे दोन पोकळ फुगवटे आणि मागे पंखा. होडीने जोर धरला की ती जवळजवळ या तीनच ठिकाणी पाण्याला टेकायची, बाकीच्या पोटाखालून वारा जायचा आणि तिला उचलून धरायचा. पाणी जितके कमी घासेल तितका वेग जास्त. हाकणारा बसत नसे, गुडघ्यांवर असे. लाटांचे दणके गुडघ्यांनी झेलायचे आणि अंग पुढे टाकून होडीचे नाक दाबून धरायचे. एका हातात चाक, दुसऱ्या हातात रेसची मूठ. मूठ दाबली तर वेग, सोडली तर वेग गेला. माणूस बाहेर फेकला गेला तर होडी मोकाट सुटू नये म्हणून ही सोय. ब्रेक मात्र कुठेच नाही.

सुटायची रीतही ऐकण्यासारखी. ओळीने उभे राहून शिट्टी वाजली की पळायचे, असे नाही. काठावर मोठे घड्याळ. होड्या आधीच पळत असतात. घड्याळाचा काटा शून्यावर येताना तुम्ही रेघेवर पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर मागे पडलात, क्षणभर आधी गेलात तर बाद. पेरणीचा वाफसा साधणाऱ्या माणसाला याचे मर्म वेगळे सांगायला नको.

मोठ्या शर्यतींच्या इंजिनात पेट्रोल नव्हे, मिथेनॉल नावाचे अल्कोहोल जाळायचे, आणि त्यात वंगण म्हणून काय मिसळायचे ठाऊक आहे? एरंडेल. होय, आपल्या बांधावरच्या एरंडाचे तेल. साधे खनिज तेल त्या इंधनात नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळते, आणि लोखंड तापले तरी चिकटून राहते. जुन्या शर्यतबाजांना आजही एरंडेल जळाल्याचा वास आला की तळ्याचा काठ आठवतो. एरंडीचे सगळ्यांत मोठे पीक आपल्या देशात निघते, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

इंजिने करणाऱ्यांत एक नाव कार्ल कीकहेफर यांचे. हाही विस्कॉन्सिनच्या शेतकरी घरातला. 1939 साली त्यांनी बुडालेला कारखाना घेतला. आत काय निघाले, तर गिऱ्हाइकाने नापसंत करून परत केलेली सुमारे 300 इंजिने. ती टाकून न देता त्यांनी दुरुस्त करून चालती केली, आणि त्यातून मर्क्युरी हे नाव उभे राहिले. इलिनॉय राज्यात क्विन्सी या गावी ओ. एफ. क्रिस्टनर यांचे वेल्डिंगचे दुकान होते. त्या दुकानात मर्क्युरीची इंजिने शर्यतीसाठी अशी बदलली जात की मोठमोठे कारखाने तोंडात बोट घालत. 1958 साली सिएटलजवळच्या तळ्यावर ह्यू एन्ट्रॉप यांनी अशी मागे इंजिन टांगलेली होडी ताशी सुमारे 173 किलोमीटर वेगाने पळवली. आपली एस.टी. याच्या निम्म्याने धावली तरी आपण पुढचा दांडा धरतो.

एवढा सगळा थाट. मग या होड्या गेल्या कुठे?

जिथे आपली मोट गेली तिथेच. दर हंगामाला नवी होडी जुनीला मागे टाकायची. हरलेली होडी कोण सांभाळणार? इंजिन काढून विकले, लाकूड खोपटात टेकवले. पोरे मोठी झाली, शहरात गेली. होडी पावसात राहिली, प्लायवूडचे पापुद्रे सुटले. काही चुलीत गेल्या, काहींत फुलझाडे लावली गेली. पण काही वाचल्या, आणि त्या बहुतेक शेतकऱ्यांच्या आडोशाला. तिकडे गवताच्या पेंढ्या ठेवायला लाकडी कोठारे असतात, आपण कडबा रचतो तशी. कोरडी जागा, वर छप्पर, खाली कोणी हात लावत नाही. पन्नास-साठ वर्षांनी गवत उपसले की तळाशी शर्यतीची होडी.

1965 साली अशा जुन्या इंजिनांच्या शौकिनांनी अमेरिकेत अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब काढला. तेव्हापासून ही माणसे शोधत फिरत आहेत. त्यांची रीत आपल्या पोलिसपाटलाच्या पंचनाम्यासारखी असते. आधी जुना फोटो मिळवायचा. होडीच्या पाठीवर रंगवलेला आकडा आणि त्याच्यासोबतचे प्रदेशाचे अक्षर वाचायचे. शर्यतीची छापील पत्रके चाळून तो आकडा कोणाचा होता ते काढायचे. मग त्या घरी जायचे. शर्यतबाज नसतो, त्याची म्हातारी असते. तिला विचारायचे. ती सांगते, इंजिन अमक्याने नेले, होडी तमक्याच्या कोठारात आहे.

होडी मिळाली तरी ती तीच कशावरून? मग वरचा रंग नखाएवढ्या जागेत हलक्या हाताने खरवडायचा. खाली दुसरा रंग, त्याखाली तिसरा, आणि त्याखाली तोच जुना आकडा. फळीवरची स्क्रूची रिकामी भोके फोटोतल्या पट्टीशी जुळवायची. इंजिनावरच्या पत्र्यावरचा नंबर वहीतल्या नंबराशी लावायचा. सगळे जुळले की मगच म्हणायचे, ही तीच.

यानंतर त्यांच्यात एक वाद हमखास होतो. होडी नव्याने रंगवून चकचकीत करायची, की आहे तशी ठेवायची? एक पक्ष म्हणतो, ती पळायला बांधली, तिला पळू द्या. दुसरा म्हणतो, नवा रंग केव्हाही देता येईल, जुना एकदा गेला की गेला. मला विचाराल तर दोघेही खरे आहेत. पण घाई करणारा हमखास चुकतो. ज्याने आधी खरवडून पाहिले, फोटो घेतले, लिहून ठेवले, त्यालाच पुढे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

इलिनॉय राज्यात डिप्यू नावाचे एक खेडे आहे. वस्ती दोन हजारांहून कमी, भोवताली मका आणि सोयाबीन, म्हणजे आपल्या केज तालुक्यातल्या माणसाला ओळखीचेच पीक. त्या गावच्या तळ्यावर गेली कित्येक वर्षे अशा होड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरत आल्या आहेत. आपल्याकडे मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात इंजिनाच्या होड्यांच्या शर्यती झाल्या. पण जुनी होडी शोधून काढण्याचे वेड तिथे कोणाला असायचे? होड्या नव्या आणि पाहुण्या होत्या. जुनी वस्तू शोधायची तर ती आधी आपल्या मातीत वापरलेली असावी लागते.

आणि अशी वापरलेली वस्तू आपल्याकडे नाही असे कोण म्हणतो?

विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवा. साताऱ्याचे कूपर असेल, किर्लोस्करचे असेल. पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढच्या काळात तिची इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर जाऊन बसली. बाजूला जड चाक, हँडल मारून सुरू करायचे, सुरू झाले की आवाज शिवारभर. त्या आवाजावरून घरची बाई ओळखायची की आपलेच इंजिन लागले, भाकरी घेऊन निघायला हरकत नाही. त्याच इंजिनाला पट्टा लावून कुठे पिठाची गिरणी चालली, कुठे उसाचा चरक फिरला. मग विजेची मोटर आली. इंजिन कोपऱ्यात गेले. आज ते कडब्याखाली असेल, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू देत असेल. आणि दर महिन्याला गल्लीतून भंगारवाल्याची हाळी येते.

इंजिन विकूच नका, असे मी म्हणणार नाही. दुष्काळाच्या सालात घरात दाणा नसताना लोखंड सांभाळा म्हणून सांगणारा मी कोण? किलोवर पैसे मिळतात आणि गरज खरी असते. माझे म्हणणे एवढेच की इंजिन गेले तरी त्याची माहिती जाऊ देऊ नका. त्या अमेरिकन म्हाताऱ्यांना सगळ्यांत जास्त दुःख लाकूड कुजल्याचे नसते. ज्या माणसाला ठाऊक होते तो माणूस गेल्याचे असते. होडी साठ वर्षे कोठारात वाट पाहू शकते. माणूस पाहू शकत नाही.

तर येत्या रविवारी एक काम करा. इंजिनावर पितळेची किंवा पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर नंबर, हॉर्सपॉवर आणि फेरे कोरलेले असतात. तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरे जातात. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा हलक्या हाताने फिरवा, मोबाइलवर फोटो घ्या आणि नंबर पोराच्या वहीत लिहा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: इंजिन कोणत्या साली आणले? पैसा कुठून उभा केला? कर्ज काढले, की आजीच्या पाटल्या मोडल्या? पहिल्या दिवशी पाणी कोणत्या वावरात सोडले? आजोबांना विचाराच, पण आजीला नक्की विचारा. पावती कोणत्या ट्रंकेत आहे हे तिलाच ठाऊक असते.

मग गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे जा. पन्नास वर्षे ज्याने हाताने झडप बसवली आणि नुसत्या आवाजावरून दोष सांगितला, तो माणूस आज ओट्यावर बसून असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. आपल्या पोरांना त्याच्यापुढे बसवा. कागदावर नसलेली विद्या त्याच्याजवळ आहे.

इंजिन चालू करायची हौस आली तर जपून. अडकलेल्या इंजिनाच्या चाकावर हातोडा घालू नका. डोक्याच्या भोकातून तेल आणि डिझेलचे थोडे मिश्रण आत सोडा, काही दिवस थांबा, मग हाताने मागेपुढे हलवून बघा. सुटायचे असेल तर ते सबुरीने सुटते. बंद खोलीत इंजिन लावू नका, धूर जीव घेतो. पदर, धोतर, उपरणे आणि लहान पोर चाकापासून आणि पट्ट्यापासून चार हात लांब ठेवा. सुरू करायचेच नसेल तर धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घाला, आतले पाणी काढून टाका आणि छपराखाली ठेवा. एवढ्याने ते आणखी एक पिढी काढेल.

कुणाच्या अंगणात अशी दोन-चार इंजिने निघालीच तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती वेशीत मांडा. एखादे चालू करा. म्हातारी माणसे हाकेशिवाय येतील, आणि आवाज ऐकून अशा गोष्टी सांगतील की त्या तुम्ही आजवर ऐकल्या नसतील. तेवढे मात्र लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर कडबा उपसाल तेव्हा तळाशी काय आहे ते बघा, आणि भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी पट्टीवरचा नंबर उतरवून घ्या.